बिल्बाओच्या डॉक्टरांची भेट

गारायोंच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीला मोठा मान होता. तिथे लुहानच्या मरियमची मूर्ती होती, सुलेमाच्या आईचा फोटो होता आणि गेल्या हंगामापासून एक निळी-सोनेरी डबी होती. घरात पाऊल टाकणाऱ्याला मूर्ती आणि फोटो आपोआप दिसायचे. डबी मात्र हटकून दाखवली जायची.

"बिल्बाओच्या डॉक्टरांनी दिल्यात," सुलेमाचा बाप फेर्मिन सांगायचा. "निघताना स्वतःच्या हातानं माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, फेर्मिन, ह्या आमच्याकडच्या राजेलोकांच्या गोळ्या. तुझ्या बंदुकीला शोभतील."

राजेलोकांचं डॉक्टर काही बोलले नव्हते, ते फेर्मिनच्या पदरचं. पण शिकाऱ्यानं जाताना वाटाड्याला उरलेल्या गोळ्या द्यायच्या, ही ला पाम्पाच्या गवताळ मुलखातली जुनी रीत. अशी भेट नाकारणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणं. त्यात गारायोंचं मूळही समुद्रापलीकडच्या, डॉक्टरांच्याच मुलखातलं, तेव्हा म्हाताऱ्याला ती भेट सोयरिकीसारखी वाटली तर नवल नाही.

फेर्मिन 'लोस चान्यारेस' या शिकारीच्या रानात उभा जन्म वाटाड्या होता. शरदात तांबडी हरणं माजावर येतात, नर काल्देनच्या झाडांत डुरकायला लागतात, तेव्हा परदेशातून शिकारी यायचे. वाट दाखवणं, वारा ओळखणं हे वाटाड्याचं रोजचं काम. पण त्याची खरी इभ्रत एका गोष्टीत असते. पाहुण्याचा नेम चुकून जनावर नुसतं जखमी झालं, तर वाटाड्यानं माग काढत जायचं आणि त्याला शेवटची गोळी घालायची. जखमी जनावर रानात टाकून जेवायला घरी येणाऱ्याला तिकडे वाटाड्या म्हणत नाहीत. काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि गेल्या हंगामात, डॉक्टर गेल्यानंतर, फेर्मिनच्या हातून अशी दोन जनावरं निसटली. दोन्ही वेळा त्यानं गोळी झाडली होती, नीट टेकून, श्वास धरून. दोन्ही वेळा जनावर उसळून झाडीत घुसलं. पुढे घारी-गिधाडं घिरट्या घालायला लागली तेव्हा कळलं कुठे पडलं ते. एका आयुष्यात जे झालं नव्हतं ते एका हंगामात दोनदा झालं.

"डोळे गेले म्हाताऱ्याचे," लोक म्हणाले. आधी मागे म्हणाले, मग शेकोटीशी, मग तोंडावर.

यंदा रानाच्या कारभाऱ्यानं, ओनेतोनं, फर्मान काढलं. पाहुणे यायच्या आधी बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येक वाटाड्यानं फळीवर तीन गोळ्या मारून दाखवायच्या. तिन्ही बशीएवढ्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. ज्याला जमणार नाही त्यानं बंदूक ठेवायची आणि खोपटात कातडी खारवायला बसायचं. ओनेतो वाईट माणूस नव्हता. खारवणाऱ्याला पगार तेवढाच मिळेल, हेही त्यानं सांगितलं. नेमकं तेच जास्त लागलं.

फेर्मिननं नुसतं ऐकून घेतलं. बडबड्या माणूस गप्प झाला की घरच्यांनी काय ते समजावं. त्या दिवसापासून सुलेमा बघत होती: रोज सकाळी माटेच्या कडू चहाचा भोपळा हातात घेऊन म्हातारा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहायचा, एक डोळा झाकून संतांची नावं वाचायचा, मग दुसरा झाकून. आपल्याला कुणी पाहत नाही असं त्याला वाटायचं. नावं बरोबर वाचायचा आणि तरीही खांदे पाडून खुर्चीत बसायचा.

कसोटीच्या आदल्या दिवशी त्यानं गोठ्यामागच्या जुन्या काल्देनच्या बुंध्याला एक फळी टेकवली, तिच्यावर कोळशानं वर्तुळ काढलं आणि आपली बंदूक घेऊन लांब जाऊन पालथा पडला. बंदूक म्हणजे जुनी लष्करी माऊजर, त्याच्या बापाकडून आलेली. दस्ता गालाच्या घामानं काळा पडलेला. सुलेमा पाठीशी उभी राहिली. ऐन वेळी नासारेनो तिथे उगवला. हा तिशीतला वाटाड्या, बंदूक नवी, दुर्बीण नवी आणि जीभही तशीच.

पहिली गोळी फळीच्या वरच्या कोपऱ्यात लागली. दुसरी कुठे गेली ते त्या पाम्पाच्या वाऱ्यालाच ठाऊक. तिसरी खाली, डावीकडे.

"म्हातारबा," नासारेनो म्हणाला, "फळी जरा मोठी लावायची का? घराचं दार काढून आणतो."

"आण ना," फेर्मिन म्हणाला. "तुझ्याच घराचं आण. तसंही तुझ्या बायकोला ते बंद करायची सवय नाही."

नासारेनो हसला, पण फेर्मिन हसला नाही. उत्तर फक्त तोंडानं दिलं होतं. त्यानं उठून गुडघे झाडले, बंदूक सुलेमाच्या हातात दिली आणि म्हणाला, "ठेव पोरी. कारभाऱ्याला सांगतो, मीठ काढून ठेव म्हणून."

तो घराकडे चालू लागला. सुलेमा उलट्या दिशेनं फळीकडे गेली, कारण तिला एक गोष्ट बघायची होती. बघायची होती म्हणजे, बघायला गेल्या वर्षापासून भीत होती.

वरच्या कोपऱ्यातलं भोक गोल नव्हतं. शर्टाच्या काजासारखं लांबट होतं. खालचंही तसंच. गोळी टोकानं शिरली नव्हती, कोलांटी खात आडवी येऊन लागली होती. ती तिथेच फळीसमोर उकिडवी बसली. डोळे अधू झाले तर गोळी भलतीकडे जाईल, पण आडवी कशी होईल?

आईच्या पश्चात घरातली काडतुसं सुलेमाच भरायची. रिकाम्या पुंगळ्या पुसायच्या, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू मापायची, वर गोळी दाबायची. हे काम ती कणीक मळावी तसं करायची, हाताला सगळं पाठ. आणि गेल्या वर्षी डॉक्टरांच्या गोळ्या भरताना तिच्या हाताला एक गोष्ट खटकली होती. नेहमीची गोळी पुंगळीच्या तोंडात कुरकुरत जाते, घट्ट बसते. ह्या गोळ्या आवाज न करता आत गेल्या होत्या. मग तिनं पुंगळीचं तोंड आवळून त्या धरवल्या होत्या. तेव्हा फेर्मिन शेजारी बसून तिसऱ्यांदा शेजाऱ्याला डॉक्टरांची गोष्ट सांगत होता, आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की सुलेमानं तोंड उघडलं नाही.

ती घरी आली. फेर्मिन टेबलाशी बसला होता. तिनं चुलीवरच्या फळीवरून निळी-सोनेरी डबी उतरवली, तिच्यातली एक गोळी काढली. कपाटातल्या जुन्या चहाच्या डब्यातून दुसरी काढली, बोथट नाकाची, शिसं काळवंडलेली, त्यांची नेहमीची. मग बंदूक उभी धरून नळीच्या तोंडात आधी जुनी गोळी टोकाकडून घातली. ती निम्म्यावर अडली.

"हे काय चाललंय?" फेर्मिननं विचारलं.

"बघा ताता. बोलू नका, बघा."

मग तिनं डॉक्टरांची गोळी घातली. ती आत उतरत गेली आणि बुडाची तेवढी कड बाहेर राहिली. बंदूक हलवली तशी गोळी नळीत खुळखुळली.

फेर्मिननं बंदूक हातात घेऊन स्वतः हलवून पाहिली.

"बारीक आहे," फेर्मिन म्हणाला.

"बारीक आहे. दुकानात दोन्ही एकाच नावाखाली विकतात, पण आपल्या बंदुकीला जाड लागते. त्यात नळी आजोबांपासून घासून घासून झिजलेली. नळीतल्या आट्यांचा गोळीला पीळच बसत नाही, फिरकी मिळत नाही. कशी सरळ जाईल? तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

तिला वाटलं होतं म्हातारा हसेल, निदान सुस्कारा तरी सोडेल. तो उठला, डबी हातात घेतली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"एकसुद्धा लाकडावर मारून बघितली नाही मी," तो म्हणाला. "म्हटलं, राजेलोकांच्या गोळ्या लाकडावर कोण घालवतो? आणि दोन जनावरं पोटात तुकडे घेऊन रात्रभर फिरली." मग वळून म्हणाला, "तुला भरतानाच कळलं होतं?"

"हाताला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होता."

"म्हणजे तुला वाटलं, लेक एक सांगते आणि डॉक्टर एक सांगतो, तर मी डॉक्टरचं ऐकेन."

सुलेमाला तसंच वाटलं होतं. फेर्मिनला ते तिच्या तोंडाकडे बघून कळलं आणि दोन हरणांपेक्षा हे तिसरं त्याला जास्त लागलं.

जाड गोळ्या आता सांता रोसाच्या दुकानातही येत नव्हत्या. चहाचा डबा टेबलावर उलटा केला तर सात निघाल्या. सुलेमानं माळ्यावरून आणखी एक पेटी आणली, आजोबांच्या पलटणीतल्या लष्करी गोळ्या. माप बरोबर, टोक अणकुचीदार, अंगभर तांब्याचं कवच.

"ह्या उद्या फळीवर मारा," ती म्हणाली. "ह्या नीट जातात. सात राहू देत हंगामासाठी. फळीला काय कळतंय कुठली लागली."

फेर्मिननं एक लष्करी गोळी चिमटीत धरून उजेडात फिरवली. "ही माणसांसाठी केलेली. कापडातून सुई जावी तशी जाते. हरणाच्या ह्या अंगानं शिरते, त्या अंगानं निघते, आणि हरीण वाटेत मरण शोधत हिंडतं. आपली आत जाते, उमलते आणि तिथेच राहते." त्यानं ती पेटीत परत टाकली. "फळीवर एक दाखवायची आणि जनावरावर दुसरी मारायची? मग ओनेतोला नाही, जनावराला फसवलं. जी मारणार तीच दाखवणार. तीन भर."

"चारच राहतील ताता."

"पाहुणे नेमबाज निघाले तर चार उरतील पण."

त्या संध्याकाळी सुलेमानं काडतुसं भरली. गोळी पुंगळीत जाताना नेहमीसारखी कुरकुरली. फेर्मिन शेजारी कान देऊन बसला होता, आणि प्रत्येक कुरकुरीला मान डोलवत होता.

दुसऱ्या दिवशी रानाच्या घरासमोर सगळे जमले होते. आसादोचं मांस निखाऱ्यावर भाजत होतं, धूर चढला होता, नासारेनोच्या तीन गोळ्या वर्तुळात बसून झाल्या होत्या आणि तो सॉसेज चघळत टाळ्या घ्यायला उभा होता. फेर्मिन आला, टोपी काढून ओनेतोला नमस्कार केला, पालथा पडला. सुलेमा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. 

पहिली वर्तुळाच्या मध्याच्या जरा वर बसली. दुसरी तिला चिकटून. नासारेनोनं चघळणं थांबवलं.

ओनेतो दुर्बिणीतून बघत होता. त्यानं दुर्बीण खाली केली. "पुरे, फेर्मिन. सुलेमा सांगत होती, तुमच्याकडे ह्या गोळ्या कमी आहेत. तिसरी राहू द्या."

"ठरलंय तीन, कारभारी," फेर्मिन म्हणाला आणि तिसरी मारली. ती पहिल्या दोघींच्या शेजारी गेली. तिन्ही भोकं गोल होती. फळी आणायला सुलेमा स्वतः गेली आणि परत येताना तिनं ती छातीशी धरली होती, लेकराची गुणपत्रिका धरावी तशी.

"चष्मा कुठून केलात म्हातारबा?" नासारेनोनं विचारलं.

"घरीच केला," फेर्मिन म्हणाला. 

पण फळीवरची तीन भोकं म्हणजे हरीण नव्हे, हे बाप-लेक दोघांनाही माहीत होतं. फळी पळत नाही, चिखलात लोळत नाही, मानेला आयाळ वाढवून झाडीआड उभी राहत नाही. गेल्या वर्षी 'डोळे गेले' असं तोंडावर म्हणणारे आता मागे म्हणू लागले होते, एवढाच फरक पडला होता. खरा निकाल रानात लागायचा होता.

हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात बिल्बाओचे डॉक्टर आले. गोल, हसरे, मोठ्या आवाजाचे. फेर्मिनला मिठी मारून त्यांनी विचारलं, "माझ्या गोळ्यांनी काय काय पाडलंस, मित्रा?" फेर्मिन म्हणाला, "रानात बोलू, डॉक्टर." आणि दोघं पहाटे निघून गेले. नासारेनो दुसऱ्या पाहुण्याला घेऊन शेजारच्या खोऱ्यात उतरला. सुलेमा मांस आणायचं खेचर घेऊन खळग्याशी थांबली, दरवर्षीसारखी.

दव वाळलं. नर डुरकत होते, एक जवळ, एक पलीकडच्या उतारावर. मग डॉक्टरांच्या बंदुकीचा आवाज झाला, कडक, लगेच दुसरा. आणि त्यानंतर फांद्या मोडत काहीतरी दूर पळत गेल्याचा.

सुलेमानं खेचराचा कासरा मुठीत आवळला. जखमी. म्हणजे आता म्हाताऱ्याचं काम. तिला दिसत काहीच नव्हतं, नुसतं काल्देनचं रान आणि वारा. तिनं मनात आईला हाक मारली, मग मरियमला, मग पुन्हा आईला. फार वेळ गेला. एक घार वर आली, एक फेरी मारली. सुलेमानं तिला अशी शिवी दिली की खेचरानं कान टवकारले.

मग माऊजर वाजली. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता, जाड, बसका, घरातला. एकदाच. तिनं श्वास धरला. दुसरा आवाज आला नाही. घारही निघून गेली.

ती खेचर ओढत धावत सुटली.

चिखलानं माखलेला मोठा नर एका मोकळ्या जागी पडला होता. पोटाजवळ डॉक्टरांच्या गोळीची जखम होती, आणि खांद्यामागे, जिथे असायला हवं तिथे, एक लहानसं गोल भोक. ती गोळी लागल्यावर तो पाच-सहा पावलंही गेला नव्हता. फेर्मिन गुडघ्यावर बसून पलीकडच्या अंगाचं कातडं सुरीनं उघडत होता. त्यानं बोटं आत घालून काहीतरी काढलं, पॅन्टला पुसलं आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं. गोळी ऊबदार होती. पुढून पूर्ण उमललेली, मागून शाबूत. सुलेमानं मूठ मिटली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

डॉक्टर टोपीनं घाम पुसत होते. "मी घाण केली होती, फेर्मिन. तू नसतास तर हे बिचारं कुठं जाऊन मेलं असतं देव जाणे." आवाज ऐकून नासारेनो आणि त्याचा पाहुणाही उतारावरून आले होते. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत आपली झोळी उघडली आणि आतून एक नवी कोरी, निळी-सोनेरी डबी काढली. "घे. खास तुझ्यासाठी आणलीय. आजची कामगिरी माझ्याच गोळीची ना?"

सुलेमानं बापाकडे पाहिलं. नासारेनोनं पाहिलं. भेट नाकारायची नसते, आणि पाहुण्याला खोटं पाडायचं नसतं, हे त्या रानात प्रत्येकाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. म्हाताऱ्यानं नुसती मान डोलावली असती तर चाललं असतं. कुणाचंच काही बिघडलं नसतं.

फेर्मिन उठला. टोपी काढली. दोन्ही हातांनी डबी घेतली आणि कपाळाला लावली.

"भेट डोक्यावर, डॉक्टर. गोळ्या पहिल्या प्रतीच्या." मग त्यानं डबी नासारेनोच्या हातात ठेवली. "ह्याच्या बंदुकीच्या मापाच्या आहेत, तरुण आहे ती, तिला मानवतील. घरी पहिली आहे तीही ह्यालाच देणार आहे. माझी बंदूक पडली म्हातारी आणि हट्टी. गेल्या वर्षी तिला मी बाहेरचं चारलं, तर तिनं दोनदा माझं नाक कापलं." त्यानं सुलेमाच्या मिटल्या मुठीकडे बोट केलं. "ती फक्त माझ्या लेकीच्या हातचं खाते."